परवान्याचा उन्हाळा

होळी झाली की आमच्या गल्लीत घराघरांतले कूलर बाहेर निघतात. मागच्या वर्षीचं काळं पडलेलं गवत उपसायचं, नवं गवत जाळ्यांत दाबून भरायचं, पंप बादलीत धरून चालतो का ते पाहायचं. मग पहिलं पाणी सोडलं की ओल्या गवताचा वास सगळ्या घरात भरतो. यंदा तो वास आला आणि मी हातातलं काम टाकून पलंगावर जाऊन बसले. मला दोन वर्षांपूर्वीचा उन्हाळा आठवला. त्या उन्हाळ्यात महापालिकेनं आमच्या गल्लीला विचारलं होतं, की तुमच्या दारासमोर गाड्या कुणी लावायच्या. आणि त्याच उन्हाळ्यात मी एका बाईचा भयंकर हेवा केला. केला म्हणते, पण तो काही संपलेला नाही.

आमची गल्ली अमरावतीतली, शेगाव नाक्याकडून आत येणारी. एका बाजूला कडुनिंबाची झाडं, दुसऱ्या बाजूला नुसतं ऊन. आमचं घर उन्हाच्या बाजूला. समोर, सावलीत, कुंदाचं. चैत्रात तिच्या दारात कडुनिंबाच्या बारक्या पांढऱ्या फुलांचा सडा पडतो आणि संध्याकाळी वारा सुटला की त्यातली थोडी फुलं रस्ता ओलांडून आमच्याकडे येतात. माझं माहेर अकोल्याचं, तिचं पातूरचं. दोघी लग्न होऊन इथं आलो आणि अमरावतीच्या बायकांत आम्ही दोघी 'अकोल्याकडच्या' ठरलो. तेवढ्यावर आमची मैत्री जमली आणि मग वीस-बावीस वर्षं तिला दुसरं काही कारण लागलं नाही. संध्याकाळी शाळेतून आले, हातपाय धुतले, की मी तिच्या ओट्यावर. तिची मुलगी नागपूरला दिल्यावर आणि माझा मुलगा पुण्याला गेल्यावर तर तो ओटा म्हणजे आम्हा दोघींचं तिसरं घर झालं होतं.

उन्हाळ्यात कुरड्या आम्ही दोघी मिळून करायचो. गहू तिच्याकडे भिजायचे, सोऱ्या माझ्याकडचा. पहाटे उठून चीक शिजवायला घ्यायचा. चीक घाटायला दोन माणसं लागतातच, एक पातेलं घट्ट धरायला आणि एक ढवळायला. पातेलं ती धरायची, ढवळायची मी. गरम चीक वाटीत घेऊन त्यावर तेल, तिखट, मीठ घालून आम्ही गच्चीवरच खायचो आणि सूर्य वर यायच्या आत सगळी चादर पांढऱ्या चक्रांनी भरून टाकायचो. सून आल्यावरही हे चालू ठेवायचं, असं आमचं ठरलेलं होतं.

त्या वर्षी प्रणिता आली. कुंदाच्या शेजारचं घर तिनं आणि तिच्या नवऱ्यानं विकत घेतलं. तो नांदगाव पेठेच्या एका कापड कारखान्यात अधिकारी, सकाळी जाणार, अंधार पडल्यावर येणार. प्रणिता धामणगाव रेल्वेची. चाळिशीची, उंच, हसताना मान मागे टाकणारी. तिची स्वतःची पांढरी गाडी होती आणि ती गाडी ती आमच्या गल्लीतून उलटी मागे घेत थेट रस्त्यापर्यंत न्यायची, एकदाही न थांबता. गल्लीतले पुरुष उभे राहून पाहायचे. मला स्कूटी येते. पावसात तीही येत नाही.

आधी मला ती आवडली होती, हे सांगायला पाहिजे. पहिल्या आठवड्यात मीच तिला गिला वडा कुठला खायचा आणि भाजी कुणाकडून घ्यायची ते सांगितलं. भाजीची हातगाडी कुंदाच्या दारातल्या कडुनिंबाखाली लागते. वलगावकडचं एक माळी जोडपं, घरची वांगी, घरची मेथी, सणासुदीला झेंडूची फुलं आणतं. प्रणितानं तिथं उभ्या उभ्या कुंदाशी ओळख करून घेतली. एका महिन्यात ती कुंदाला 'ताई' वरून 'कुंदे' म्हणू लागली. मला ती अजून 'मॅडम' म्हणायची.

एप्रिलमध्ये शाळेला सुट्टी लागली. एके दिवशी सकाळी मी आमच्या गच्चीवर वाळवणाची जागा झाडायला गेले आणि सहज समोर पाहिलं. कुंदाच्या गच्चीवर कुरड्या घातलेल्या होत्या. पूर्ण चादर भरून. कडेला दोन वाट्या पालथ्या पडल्या होत्या.

मी झाडू तसाच धरून उभी राहिले. खाली आल्यावर यांनी विचारलं, काय झालं. मी म्हणाले, ऊन लागलं. सोऱ्या माझ्याच घरात, फडताळात होता. म्हणजे त्या दोघींनी दुसरा सोऱ्या आणला होता.

त्यानंतर मी पाहत गेले. शाळा बंद, मुलगा पुण्याला, नवरा बँकेत. माझं सगळं लक्ष खिडकीत. आठवड्यातून दोनदा सकाळी कुंदा, तिचे यजमान वामनरावभाऊजी आणि प्रणिता त्या पांढऱ्या गाडीतून बाहेर जायचे आणि पार दुपार करून यायचे. कुंदा पुढे, प्रणिताच्या शेजारी. भाऊजी मागे. त्यांची स्वतःची जुनी गाडी दारात कव्हर घालून उभी, तरी हिच्याच गाडीतून. मी एकदा कुंदाला विचारलं, कुठं जाता गं. ती म्हणाली, "काही नाई, थोडं काम होतं." तिच्या माझ्यात 'थोडं काम' हा शब्द कधी नव्हता. कुणाच्या चहात किती साखर घातली इथपर्यंत आम्ही एकमेकींना सांगत आलो होतो. मी मनातल्या मनात त्यांना साड्यांच्या दुकानांत पाहिलं, कोंडेश्वरच्या देवळात पाहिलं, थंड हवेला चिखलदऱ्यापर्यंत पोचवून आणलं.

हेवा ही फार कष्टाची गोष्ट आहे. लोक म्हणतात तो जाळतो. मला तर त्यानं कामाला लावलं. समोरच्या फाटकाची कडी वाजली की हातातली पोळी तव्यावर टाकून खिडकीशी यायचं. हसण्याचा आवाज आला की कूलर बंद करून ऐकायचं. अमरावतीच्या वैशाखात कूलर बंद करून बसणारी बाई मी एकटीच असेन.

आणि अशातच गाड्यांचं प्रकरण निघालं. मोठ्या रस्त्यावर कोचिंग क्लास वाढले होते, एक रक्ततपासणी केंद्रही आलं होतं. तिथल्या सगळ्या गाड्या आमच्या गल्लीत. सावली असल्यामुळे कुंदाच्या बाजूला तर दुपारी दोन दोन रांगा. कुणाच्या फाटकासमोर गाडी लावून मालक गायब, कुणाची दुधाची गाडी आत येईना. तक्रारी गेल्या असतील. महापालिकेनं ठरवलं की रहिवाशांना विचारून परवान्याची पद्धत आणावी. प्रत्येक घराला एक स्टिकर, पाहुण्यांसाठी एक टोकन, आणि बाकी कुणाचीही गाडी गल्लीत लावायची नाही. पण आधी सगळ्यांचं मत घेणार, आणि त्यासाठी कॉलनीच्या सभागृहात बैठक होती.

बैठकीच्या आधी कुंदा आणि प्रणिता घरोघर फिरल्या. परवाना कसा गरजेचा आहे ते सगळ्यांना समजावत. माझ्याकडेही आल्या. बोलली प्रणिताच. कुंदा सोफ्याच्या कडेला बसून पदरानं गळ्याचा घाम पुसत होती, मग म्हणाली, "सुलभे, तू हो म्हणजो. गल्लीचं चांगलं होईल." वीस वर्षांच्या मैत्रिणीला माझ्याकडे काही मागायचं होतं, आणि ते मागायला ती दुसरीला सोबत घेऊन आली होती. मी दोघींना पन्हं दिलं. पाहते म्हणाले.

बैठकीला सभागृह भरलं होतं. पंखे गरगरत होते आणि गरम हवाच खाली ढकलत होते. महापालिकेचे एक तरुण अधिकारी आले होते, शांत स्वभावाचे. त्यांनी योजना नीट सांगितली आणि म्हणाले, अजून काहीही ठरलेलं नाही, तुम्ही सांगाल तसं. तीन-चार लोक बाजूनं बोलले. प्रणिता फार छान बोलली. कुंदा तिच्याकडे पाहत होती, अगदी आपल्या मुलीचं भाषण ऐकावं तशी.

मी उभी राहिले. काय बोलायचं ते मी ठरवून आले नव्हते, पण पंचवीस वर्षं वर्गापुढं बोललेल्या बाईला शब्दांची वाण पडत नाही. मी म्हणाले, ज्या घरात गाडी नाही त्या घराला या स्टिकरचं काय करायचं आहे? गल्लीत निम्म्या घरांत खोल्या भाड्यानं दिल्या आहेत, पोरी शिकायला राहतात. त्यांचे आईबाप दर्यापूरकडून, अचलपूरकडून भेटायला आले तर त्यांनी गाडी कुठं लावायची? एका टोकनात किती पाहुणे बसतात? आणि कडुनिंबाखाली भाजीची गाडी लागते, ती वाहन धरायची का? तिला परवाना कोण देणार? रस्ता सगळ्यांचा आहे, सावली काही कुणाच्या सातबाऱ्यावर लिहिलेली नाही.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मागून कुणीतरी म्हणालं, मॅडम बरोबर बोलून राहिल्या. अधिकारी लिहून घेत होते. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता, आजही मी तेच म्हणेन. पण बोलताना मी अधिकाऱ्यांकडे पाहत नव्हते. मी त्या दोघींकडे पाहत होते. कुंदानं मान खाली घातली आणि बैठक संपायच्या आधी ती उठून गेली. प्रणिता तिच्यामागे गेली.

निर्णय पुढं ढकलला गेला, पुन्हा एकदा बैठक घ्यायचं ठरलं. आमच्या घरी यांनी कौतुकानं मला आमदार म्हणून हाक मारली. मला जेवण गेलं नाही.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी असेल. भर दुपार. गल्लीत कुत्रंही नव्हतं, होत्या त्या नुसत्या गाड्या, एकीला एक लागून. मी सवयीनं खिडकीत आले. गल्लीच्या तोंडाशी पांढरी गाडी थांबली होती. आत यायला वाटच नव्हती. प्रणितानं दोनदा हॉर्न वाजवला, मग उतरली. कुंदा उतरली. दोघींनी मिळून भाऊजींना उतरवलं आणि ते तिघं चालत येऊ लागले. कुंदानं एका बाजूनं त्यांना धरलं होतं. दुसऱ्या बाजूनं प्रणितानं, आणि तिनं आपली ओढणी त्यांच्या डोक्यावर धरली होती. मला पहिल्यांदा तेव्हा दिसलं की भाऊजी केवढेसे झाले आहेत. सदरा खांद्यावरून लोंबत होता. चार घरं ओलांडली असतील, ते मधेच एका पायरीवर बसले आणि पायरी तापलेली होती म्हणून उठू पाहू लागले, पण उठता येईना.

मी पाण्याचा तांब्या घेऊन अनवाणी पळाले. डांबर पायाला चिकटत होतं. मी भाऊजींच्या हातात तांब्या देऊ लागले, तर प्रणिता पटकन म्हणाली, "मॅडम, इतकं नको, थोडंच. त्यांना पाणी मोजून द्यायचं असतं." त्यांच्या डाव्या हाताला कोपराजवळ पांढरी पट्टी होती, आणि पट्टीवर रक्ताचा ठिपका.

त्यांना घरात नेऊन, पंख्याखाली झोपवून आम्ही तिघी स्वयंपाकघरात उभ्या राहिलो. मग प्रणिता गाडी काढायला गेली. कुंदा पाटावर बसली आणि तिनं सांगितलं. भाऊजींच्या किडन्या निकामी झाल्या होत्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. संक्रांतीनंतर कळलं. त्यांनीच कुणाला सांगू नको म्हणून शपथ घातली होती, त्यांना कुणाची कीव नको होती. प्रणिताला कळलं ते असं, की एका सकाळी ऑटो मिळेना म्हणून कुंदा रस्त्यावर उभी होती आणि ती गाडी घेऊन निघाली होती. दारात गाडी थांबायला जागा मिळावी म्हणून त्या परवान्याच्या मागे लागल्या होत्या. आणि त्या कुरड्या? मी विचारलंच. ती म्हणाली, गहू आधीच भिजवलेले, टाकून कसे द्यायचे, ती पोरगी म्हणाली मी हात लावते.

मला रडू आलं. पण त्याच्याही आधी जे आलं ते मी विचारून टाकलं. "मले कावून नाही सांगतलं, कुंदे? तिले सांगतलं."

तिनं पदरानं चेहरा पुसला. मग म्हणाली, "तुले सांगतलं असतं तं तू रडली असती. तू रडली असती तं मी रडली असती. मंग दवाखान्यात कोण गेलं असतं? तिले गाडी येते, आन् तिले माह्या नवऱ्याचं पयलंचं रूप माईत नाई. तिच्यासमोर मले रडू येत नाई."

माणसानं यावर समजूतदार व्हावं. मी होते, शिक्षिका आहे, होऊन दाखवते. पण घरी येऊन मी कूलरसमोर बसले आणि मला जे वाटत होतं ते आधीपेक्षा जास्त होतं. साड्यांची दुकानं आणि चिखलदरा तिनं प्रणिताला दिला असता तर चाललं असतं. तिनं आपलं दुःख तिला दिलं होतं. माझ्या वाट्याचं.

दुसरी बैठक मे महिन्याच्या शेवटी झाली. कुंदानं मला बजावलं होतं, ह्यांच्या आजाराचं नाव काढायचं नाही. मी पुन्हा उभी राहिले. म्हणाले, मागच्या वेळी बोलले ते मला मान्यच आहे, पण अर्धं राहिलं होतं. ज्यांच्या घरी म्हातारं माणूस आहे, आजारी माणूस आहे, त्यांच्या दारासमोर दवाखान्याची गाडी उभी राहील एवढी जागा कायम मोकळी पाहिजे. तिथं स्टिकरवाल्यानंही लावायची नाही. लोक हसले. मागच्या रांगेतले एक काका म्हणाले, मॅडम, मागच्या टायमाले विरोधात होत्या, आता बाजूनं, तिसऱ्या टायमाले काय? एकानं विचारलं, कुणाच्या घरी आहे असं आजारी, नाव सांगा. मी नाव सांगू शकत नव्हते. मी म्हणाले, आज नसेल तर उद्या असेल, आपण सगळे इथंच म्हातारे होणार आहोत. त्यावर हसणं थोडं कमी झालं. अधिकाऱ्यांनी मान हलवली.

शेवटी असं ठरलं, की सावलीची बाजू रहिवाशांच्या स्टिकरला, उन्हाची बाजू येणाऱ्याजाणाऱ्यांना, भाजीची हातगाडी आहे तिथंच, आणि विनंती करणाऱ्या घरांसमोर पिवळे पट्टे मारून जागा मोकळी. उन्हाची बाजू म्हणजे आमची. पावसाळ्याआधी पट्टे मारले गेले. ओल्या रंगावर कडुनिंबाच्या पिवळ्या लिंबोळ्या पडल्या आणि तशाच चिकटून राहिल्या.

बैठकीतून बाहेर पडताना प्रणितानं माझा हात धरला. म्हणाली, "ताई, तुमचे उपकार झाले." पहिल्यांदा ताई म्हणाली. ती मनापासूनच म्हणत होती, तिचे डोळे भरले होते. आणि मला वाटलं, ही कोण? माझ्या मैत्रिणीसाठी मी केलं आणि आभार ही मानते, घरच्या माणसानं मानावेत तसे. मी हसले आणि हात सोडवून घेतला.

पुढच्याच सोमवारी मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. यांना वाटलं उन्हामुळे डोक्यावर परिणाम झाला. चोपन्नाव्या वर्षी मी बडनेरा रोडवर ट्रक, बस आणि म्हशींच्या मधून गाडी शिकले. शिकवणारा मुलगा माझ्या शाळेतलाच, मागच्या बाकावर बसणारा. तो 'मॅडम, ब्रेक, मॅडम, ब्रेक' म्हणत राहायचा. गाडी दोनदा दुभाजकाला लागली. चढावर ती मागे यायला लागली की मला घाम फुटायचा, आणि मग त्या पांढऱ्या गाडीत पुढच्या सीटवर बसलेली कुंदा आठवायची, आणि पाय आपोआप बरोबर जागी पडायचा. लायसन मिळालं त्या दिवशी मी पेढे घेऊन कुंदाकडे गेले आणि म्हणाले, भाऊजींच्या गाडीचं कव्हर काढ.

तेव्हापासून मंगळवार प्रणिताचा आणि शनिवार माझा, सकाळची शाळा सुटल्यावर. भाऊजी माझ्या शेजारी पुढे बसतात, ते सांगतात आणि मी चालवते. "वहिनी, क्लच हळू सोडा. वहिनी, तो आपल्याले साइड नाही देत, जाऊ द्या त्याले." त्यांचा आवाज बारीक झाला आहे पण गाडीत बसले की जरा मोठा होतो. कुंदा मागे. प्रणिताच्या गाडीत ती पुढे बसते आणि त्या दोघी बोलत जातात, हे मला माहीत आहे. माझ्या गाडीत मागे बसून ती बऱ्याचदा फोनवर असते, आणि फोनवर प्रणिता असते. मी आरशातून पाहते. आरसा मागची वाहनं पाहायला असतो असं त्या मुलानं शिकवलं होतं.

कधी प्रणिता माहेरी धामणगावला जाते, तेव्हा शाळेत रजा टाकून मंगळवारही माझा होतो. ती किती दिवस राहणार हे मी कुंदाला दोन दोन वेळा विचारते. कुरड्या यंदा आम्ही तिघींनी केल्या. ढवळायला मीच होते. पातेलं प्रणितानं धरलं, कारण कुंदाचे खांदे दुखतात. आणि तिनं ते माझ्या मैत्रिणीपेक्षा घट्ट धरलं, हेही मला दिसलं.

गेल्या शनिवारची गोष्ट. भाऊजींना त्या दिवशी फार थकवा आला होता. दवाखान्यातून निघताना म्हणाले, आज मी मागे आडवा होतो. मग कुंदा पुढं आली. तिला पट्टा लावता येईना, मी वाकून लावून दिला. राजापेठेपर्यंत ती समोर पाहत होती. मला वाटलं आता काही बोलेल, इतक्या दिवसांचं साठलेलं. मीही दोन-तीन गोष्टी मनात जुळवून ठेवल्या होत्या. पुलावरून उतरताना पाहिलं तर तिची मान कलली होती. ती झोपली होती, तोंड किंचित उघडं ठेवून. मागे भाऊजीही झोपले होते.

गल्लीत आले. पिवळ्या पट्ट्यांत गाडी लावली, एका दमात, सरळ. इंजिन चालूच ठेवलं, एसीची गार हवा तिच्या तोंडावर येत होती. तिच्या ब्लाउजच्या बाहीवर दवाखान्यातल्या चिकटपट्टीचा तुकडा लागला होता, तो मी हळूच काढला.

प्रणिता तिच्या फाटकात उभी होती, आमचीच वाट पाहत. गाडीचं दार उघडत नाही हे पाहून ती कडुनिंबाच्या सावलीतून दोन पावलं पुढं आली आणि काळजीनं हातानंच विचारलं, काय झालं?

मी काचेतून तिच्याकडे पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं. ती थांबली. तिथंच, उन्हात, थांबली.